पडद्यावरच्या मैफलीत सम कोण देतो?

मध्यलय

गेल्या आठवड्यात लागोपाठच्या दोन रात्री दोन मराठी चित्रपट पुन्हा पाहण्यात आले. पहिला २०१५ सालचा ‘कट्यार काळजात घुसली’ आणि दुसरा चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. विषय दोन्हीकडे शास्त्रीय गायकाचाच आहे. गुरू, शिष्य, तानपुरे आणि मैफली हे सगळे दोन्हीकडे आहे. तरीही पहिला पाहून मी गुणगुणत झोपायला गेलो आणि दुसरा पाहिल्यावर झोपच आली नाही. हा चर्चेचा धागा त्या न आलेल्या झोपेतून निघाला आहे.

माझा प्रश्न चित्रपटगीतांविषयी नाही. संगीतकाराच्या आयुष्यावरील चित्रपटात जेव्हा प्रत्यक्ष मैफल दाखवली जाते, म्हणजे गायक मंचावर बसलेला असतो, साथीदारांची वाद्ये मिळालेली असतात आणि समोर श्रोते असतात, तेव्हा चित्रपट त्या मैफलीचे नेमके काय करतो, एवढ्यापुरतीच ही चर्चा असावी अशी विनंती आहे.

माझे निरीक्षण असे की आपल्याकडील बहुतेक चित्रपटांना मैफल नको असते, सामना हवा असतो. ‘बैजू बावरा’मधील (१९५२) दरबाराचा प्रसंग घ्या. तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ गायले आणि बैजूसाठी पं. द. वि. पलुसकर. राग देसी. हे ध्वनिमुद्रण मी किती वेळा ऐकले याची गणती नाही, पण डोळे मिटून ऐकताना दोघांपैकी कुणी हरते आहे असे मला एकदाही वाटलेले नाही. दोन भिन्न स्वभावांचे गाणे शेजारी शेजारी बसले आहे, एवढेच जाणवते. मग निकाल लागावा कसा? त्यासाठी बैजूच्या स्वरांनी संगमरवर वितळवावा लागतो, कारण खुद्द गाण्यात निकाल लागण्यासारखे काही नसते. चार वर्षांनी आलेल्या ‘बसंत बहार’मध्ये तर ‘केतकी गुलाब जूही’ या गाण्यात पं. भीमसेन जोशी यांनी हरायचे आणि नायकासाठी गाणाऱ्या मन्ना डे यांनी जिंकायचे असे पटकथेने ठरवून टाकले होते. आपण त्या कल्पनेने किती धास्तावलो होतो, हे मन्ना डे यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. ज्याला जिंकायचे आहे तोच घाबरलेला, असा हा विचित्र सामना होता.

‘कट्यार’चेही तेच. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ च्या नाटकात मुख्य गोष्ट दोन गायकींमधील तेढीची आणि विद्या देण्या-नाकारण्याची होती. चित्रपटात राजगायकपदासाठीचा सामना ठसठशीत होतो, आणि पंडितजींचा पराभव होतो तोही गाण्यामुळे नव्हे, गळा बिघडवणाऱ्या सिंदुरामुळे. मराठीत तालीम हा शब्द गवयाचाही आहे आणि पैलवानाचाही. चित्रपटवाल्यांना बहुधा दुसराच अर्थ आधी आठवतो.

याउलट ‘द डिसायपल’च्या सुरुवातीला गुरुजी गात असतात, त्यांचा शिष्य शरद मागे तानपुऱ्यावर बसलेला असतो आणि कॅमेरा अगदी सावकाश, जवळजवळ विलंबित लयीत, गुरुजींना सोडून शरदच्या चेहऱ्याकडे सरकतो. कुणी जिंकत नाही. तरीही आयुष्यभर पुरेल एवढे काहीतरी त्या चेहऱ्यावर घडते. मला पडद्यावरची मैफल खरी वाटली ती त्या क्षणी. आपल्याला कोणती वाटली?

ठेकेदार

धागा उत्तम. मी तबलजी आहे. उपजीविका दुसरी असली तरी साथीला नियमित बसतो. त्यामुळे असे चित्रपट मी कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त पाहतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या मिनिटातच मनातून उठून जातो. कारण साधे आहे. ‘धा’ वाजला की दोन्ही हात पडायला हवेत. पडद्यावरच्या तबलजीचा उजवा हात ‘धा’वर पडतो आणि डावा डग्ग्यावर नुसता विसावलेला असतो. कॅमेरामनने कधीतरी शेजारी बसलेल्या खऱ्या तबलजीला एवढे विचारले असते तरी पुरले असते.

पण माझा मुख्य मुद्दा वेळेचा आहे. अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ, लयीत झुमरा तालात बडा ख्याल गायला तर चौदा मात्रांचे एकच आवर्तन (तालाचा एक फेरा) पूर्ण व्हायला जवळजवळ मिनिटभर लागू शकते. चित्रपटातील मैफलीचा प्रसंग तीन-चार मिनिटांचा असतो. म्हणजे स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) मांडून गवई दोन-तीन वेळा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, येईपर्यंत प्रसंग संपला! म्हणून चित्रपटात बडा ख्याल जवळपास नसतोच. द्रुत बंदिश, ताना, तिहाई आणि टाळ्या असतात. सम येते ती तबल्याची नसते, संकलकाची असते. कापाची जागा हीच सम.

याचे सर्वांत टोकाचे उदाहरण ‘व्हिप्लॅश’ (२०१४). जॅझ ड्रम शिकणारा मुलगा आणि त्याचा क्रूर शिक्षक यांची ही गोष्ट असून शेवटची आठ-नऊ मिनिटे ‘कॅराव्हॅन’ या रचनेचे वादन आहे. पाहताना माझ्याही हाताला घाम फुटला हे कबूल करतो. परंतु दुसऱ्यांदा पाहिल्यावर लक्षात आले की तिथे खरा ड्रमवादक संकलक आहे. झांज, कपाळावरचा घाम, शिक्षकाचा डोळा, काठी, पुन्हा झांज, हे सगळे ठोक्यावर कापलेले आहे. टॉम क्रॉस यांना संकलनाचे ऑस्कर मिळाले ते रास्तच आहे. मात्र वादनाविषयी त्या चित्रपटाची समजूत वेग म्हणजे तयारी आणि रक्त म्हणजे निष्ठा एवढीच आहे. शिक्षक वारंवार सांगतो ती सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करची कथाही फुगवलेली आहे. १९३० च्या दशकात कॅन्सस सिटीत ड्रमवादक जो जोन्स यांनी झांज फेकली ती पार्करच्या पायांपाशी, असे सांगितले जाते. चित्रपटातील शिक्षक ती थेट डोक्यावर फेकायला लावतो. आमच्याकडे चिल्ल्याच्या (चाळीस दिवसांच्या कठोर रियाजाच्या) कथा अशाच वाढत जातात, म्हणून हसू आले.

विलंबित ठेका एका लयीत वीस मिनिटे धरून ठेवणे हे रेल्यापेक्षा, म्हणजे वेगवान बोलांच्या सलग वादनापेक्षा, कठीण आहे. पण त्यात घाम दिसत नाही, म्हणून त्याचा चित्रपट निघत नाही.

मांडवीकाठ

ठेकेदारसाहेबांचा हिशेब बिनचूक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. तीन-साडेतीन मिनिटांत राग मावत नाही असे म्हणताना आपण मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या विसरतो. एका बाजूला साधारण साडेतीन मिनिटे, तेवढ्यात अब्दुल करीम खाँसाहेबांनी काय काय ठेवून दिले आहे! आमच्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांचीच आहे, आणि १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्णतबकडी अवकाशात गेली तिच्यावर भारतीय संगीत म्हणून ती साडेतीन मिनिटेच गेली आहेत. तिथे कुणी ‘बडा ख्याल का नाही’ असे विचारले नाही.

तेव्हा दोष छोट्या वेळेचा नसावा. केसरबाईंनी त्या साडेतीन मिनिटांचे गाणे त्या वेळेसाठीच घडवले. आधी तासभर गाऊन नंतर कुणी कात्री लावलेली नाही. चित्रपट मात्र मोठी मैफल चालू असल्याचे भासवतो आणि तिचे तुकडे दाखवतो. फरक इथे आहे.

पडदानशीन

मांडवीकाठ यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले. फिल्म सोसायटीच्या जुन्या सवयीने दोन उदाहरणे देतो.

पहिले सत्यजित राय यांचे ‘जलसाघर’ (१९५८). मुर्शिदाबाद जिल्ह्यातील निमतिता येथील खऱ्या वाड्यात त्याचे चित्रीकरण झाले. संगीत उस्ताद विलायत खाँ यांचे, पडद्यावर गाणाऱ्या बेगम अख्तर आणि नाचणाऱ्या रोशनकुमारी. म्हणजे कलावंत कोण असा प्रश्नच नाही. रायसाहेबांनी गाणे चालू दिले, घाईने कापले नाही, हे खरे. पण त्यांची खरी करामत श्रोत्याकडे पाहण्यात आहे. गवयाचा ख्याल रंगात आलेला असतो, बाहेर वादळ उठलेले असते आणि जमीनदाराच्या पेल्यात एक किडा बुडत धडपडत असतो. त्याची बायको आणि मुलगा नदीत आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. गाण्यात त्याबद्दल एक अक्षर नाही. तरी त्या क्षणापासून ते गाणे आपण वेगळ्या कानाने ऐकू लागतो. मध्यलय यांचा प्रश्न ‘सम कोण देतो’ असा आहे. ‘जलसाघर’पुरते उत्तर द्यायचे तर तिथे सम श्रोता देतो, आणि ती चुकते.

दुसरे उदाहरण अनेकांना कंटाळवाणे वाटेल. मला वाटले नाही. झां-मारी स्ट्राउब आणि दानिएल हुइये यांनी १९६८ मध्ये योहान सेबास्टियन बाख यांच्या पत्नीच्या निवेदनातून त्यांच्यावर चित्रपट केला. बाखच्या भूमिकेत हार्प्सिकॉर्डवादक गुस्ताव लेओनहार्ट आहेत. वाद्ये बाखच्या काळातील घडणीची, ध्वनी जागच्या जागी मुद्रित केलेला, आणि वादन चालू असताना कॅमेरा बहुतांशी स्थिर. नाट्य म्हणून म्हणाल तर मुले मरतात, पैशांची ओढाताण होते, वरिष्ठांशी खटके उडतात. पण हे सगळे दोन-दोन वाक्यांत उरकले जाते आणि मग पुन्हा वादन सुरू होते. अभिनय म्हणजे काम, एवढाच अर्थ तिथे उरतो. ‘द डिसायपल’ पाहताना मला रायांपेक्षा हाच चित्रपट अधिक आठवला.

काळी_चार

मी गाते आणि शिकवते. माझी तक्रार तबल्याची नाही, तानपुऱ्याची आहे.

तानपुऱ्याच्या तारा गाण्याच्या लयीत छेडायच्या नसतात. त्या चार तारा आपापल्या संथ गतीने अखंड फिरत राहिल्या पाहिजेत आणि त्यांचा तबल्याच्या मात्रांशी काही संबंध असता कामा नये. तो ठेका नाही, ती जमीन आहे. शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या महिन्यात हेच सांगावे लागते, कारण हात आपोआप लयीत पडू लागतो. पडद्यावर मात्र तानपुरेवाला हमखास तालात तारा छेडतो, वर मान डोलावतो. ते पाहिले की पुढची मैफल कितीही थोर गायकाची असो, माझ्यापुरती ती खोटी ठरते.

‘द डिसायपल’मध्ये हे घडत नाही, कारण शरद झालेले आदित्य मोडक स्वतः तालीम घेतलेले गायक आहेत आणि गुरुजी झालेले पं. अरुण द्रविड हे मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले. संगीताची बाजू अनीश प्रधान यांनी सांभाळलेली. त्यामुळे गुरुजी गाता गाता शिष्याकडे पाहतात ते ‘अभिनय’ म्हणून पाहत नाहीत. आपला शिष्य मागून स्वर भरतो आहे, तो नेमका कुठे कमी पडतो आहे, हे ज्याच्या कानाला आयुष्यभर टोचत आले आहे त्या माणसाचे ते पाहणे आहे. हे कोणत्याही नटाला शिकवता येईल असे मला वाटत नाही.

आणि एक गोष्ट. शरद वाईट गात नाही. बरा गातो, मेहनतीने गातो. ‘बरा’ आणि ‘थोर’ यांतले अंतर पडद्यावर गाण्यातूनच दाखवणे हे मी अन्यत्र पाहिलेले नाही. इतर चित्रपटांत वाईट गाणारा कणसूर होतो किंवा खोकतो, म्हणजे प्रेक्षकाला कळते. इथे कळण्यासाठी तुम्हाला ऐकावे लागते.

नवश्रोता

मी इथे सहसा वाचनमात्र असतो, परंतु ‘कट्यार’वरील ताशेरे वाचून लिहावेसे वाटले. मी तेव्हा शाळेत होतो. घरात शास्त्रीय संगीत म्हणजे रविवारी सकाळी आजोबांच्या खोलीतून येणारा आवाज, एवढाच संबंध. तो चित्रपट आम्ही दिवाळीच्या सुट्टीत पाहिला. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन गायक दोन तऱ्हांनी गातात, एकाचे शांत आणि दुसऱ्याचे आक्रमक, आणि दोन्ही बरोबर आहेत, हे मला तिथे पहिल्यांदा समजले. घराणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही पुस्तकाने इतक्या सोप्या रीतीने सांगितले नसते. सिनेमागृहातून बाहेर आल्यावर आजोबा मला म्हणाले, ‘आता मूळचे ऐक’, आणि आम्ही घरी जाऊन मूळ नाटकातले खाँसाहेब, पं. वसंतराव देशपांडे, ऐकले. आज मी सवाई गंधर्वच्या मंडपात तीन-तीन दिवस बसतो, त्याची सुरुवात त्या सामन्यापासून आहे.

सचिन पिळगांवकरांच्या तोंडी राहुल देशपांडे यांचा आवाज आहे आणि सुबोध भावे यांच्या तोंडी महेश काळे यांचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि ठाऊक असते तरी बिघडले नसते. ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे यांना आणि नंतर ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांना तोच पुरस्कार मिळाला. गायकांवरील तीन मराठी चित्रपट आणि पार्श्वगायनाचे तीन राष्ट्रीय पुरस्कार. उसना आवाज म्हणजे खोटेपणाच असेल, तर हा खोटेपणा फार सुरेल आहे एवढेच म्हणेन.

मध्यलय

नवश्रोता, आपण लिहिलेत हे फार बरे केलेत. माझे लिहिणे एकांगी झाले हे मान्य. आजोबांचे ‘आता मूळचे ऐक’ हे वाक्य तर माझ्या संपूर्ण पहिल्या प्रतिसादापेक्षा वजनदार आहे.

मात्र आपण दिलेल्या तिन्ही उदाहरणांत एक मजेशीर चढण आहे. ‘बालगंधर्व’मध्ये नट एक आणि गायक दुसरा; पण तिथे ज्याची गोष्ट आहे तो स्वतः स्त्रीवेष घेऊन गाणारा नट होता, त्यामुळे पडद्यावरचे उसनेपण विषयाशी विसंगत वाटत नाही. ‘कट्यार’मध्ये खाँसाहेब (सचिन) आणि सदाशिव (सुबोध भावे) यांना दुसऱ्यांचे गळे आहेत, पण पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतःच गातात. आणि ‘मी वसंतराव’मध्ये (२०२२) नातू राहुल देशपांडे आजोबांची भूमिका करतो आणि स्वतःच गातो. त्या चित्रपटाची लांबी मला जाचली, हे सांगून टाकतो. पण त्यातील वसंतराव लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करतात, बदलीवर ईशान्येकडे जातात, आणि गाणे अंगात असूनही मंच मिळत नाही, या भागात जे वैषम्य आहे ते मैफलीच्या प्रसंगांपर्यंत झिरपत येते. पन्नाशीकडे झुकलेला माणूस नोकरी सोडून गाऊ लागतो तेव्हा समोर प्रतिस्पर्धी लागत नाही. गेलेली वर्षेच समोर बसलेली असतात.

थेम्सकाठ

इंग्लंडमधून लिहितो आहे, त्यामुळे येथील उदाहरण घेतो. त्याचा एक धागा पाचगणीला पोचतो हे बोनस समजावे.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ (२०१८) हा क्वीन या गटावरील चित्रपट. त्याचा नायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांझिबारमध्ये जन्मलेला आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला पारशी मुलगा फारोख बलसारा. शाळेतच त्याने मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड केला होता. चित्रपटाने पाचगणीला जवळजवळ वगळले याचा मला मराठी माणूस म्हणून आणि थोडासा महाबळेश्वरच्या सहलींमुळेही राग आहे, असो.

चित्रपट संपतो १३ जुलै १९८५ च्या लाइव्ह एड या मैफलीवर. वेंब्ली मैदानातील क्वीनचे ते सादरीकरण सुमारे एकवीस मिनिटांचे होते. चित्रपटासाठी तो संपूर्ण मंच बॉव्हिंग्डनच्या जुन्या धावपट्टीवर नव्याने उभारला गेला आणि चित्रीकरणाची सुरुवातच त्या प्रसंगाने झाली. पियानोवरचे शीतपेयाचे पेले कुठे होते इथपर्यंत नक्कल केलेली आहे. रामी मालेक यांची देहबोली थक्क करणारी. आवाज प्रामुख्याने खुद्द फ्रेडीचा आणि काही ठिकाणी मार्क मार्टेल या गायकाचा. म्हणजे ‘हुबेहूब’ या कसोटीवर याहून पुढे जाणे कठीण. तरीही सहांपैकी दोन गाणी चित्रगृहातील आवृत्तीत कापली गेली. साहेबाच्या देशातही कात्री चुकत नाही.

खरी गंमत पुढे आहे. त्या एकवीस मिनिटांना नाट्य मिळावे म्हणून चित्रपट असे दाखवतो की गट फुटलेला होता, बरीच वर्षे एकत्र वाजवलेले नव्हते आणि मैफलीच्या काही दिवस आधी फ्रेडीने साथीदारांना आपल्या एड्सच्या आजाराविषयी सांगितले. प्रत्यक्षात क्वीनचा दौरा त्याच वर्षी मे महिन्यात जपानमध्ये संपला होता, आणि आजाराचे निदान सर्वसाधारणपणे १९८७ च्या सुमाराचे मानले जाते. म्हणजे मंच, पेले, मिशी, हातवारे सगळे खरे, आणि कारण खोटे. वेंब्लीत बसलेल्या सत्तर हजारांवर लोकांना ते सादरीकरण आवडले ते गाणे आवडले म्हणून. त्यांना कुणाचा आजार ठाऊक नव्हता. चित्रपटाला मात्र ‘चांगले वाजवले’ एवढे कारण पुरत नाही.

ठेकेदार

‘मंच खरा आणि कारण खोटे’ हे आवडले. आमच्याकडे उलट होते. ‘द डिसायपल’मधील सभागृहे अगदी साधी आहेत, खुर्च्या अर्ध्या रिकाम्या, श्रोते उतारवयाचे, कुणी मधेच उठून जाते. मुंबईत मी ज्या कार्यक्रमांना साथीला बसतो त्यांतले निम्मे असेच असतात. ते पाहून माझी पत्नी म्हणाली, ‘अरे, हे तर तुमचेच हॉल.’ यावर हसावे की रडावे हे मला अजून ठरवता आलेले नाही.

पडदानशीन

थेम्सकाठ यांच्या मुद्द्याला जोडून आणखी एक. टॉड फील्ड यांच्या ‘टार’ (२०२२) या चित्रपटात केट ब्लँचेट वाद्यवृंदाच्या संचालिका आहेत. माहलरच्या पाचव्या सिंफनीभोवती सगळा चित्रपट फिरतो, ड्रेस्डनचा खरा वाद्यवृंद त्यासाठी वाजवतो, आणि तरीही ती सिंफनी आपल्याला सलग ऐकवलीच जात नाही. जे दिसते ती पूर्वतयारी असते. दोन ओळी वाजतात, बाई हात वर करून थांबवतात, काहीतरी सांगतात, पुन्हा तीच ओळ. मला वाटते, या धाग्याच्या सुरुवातीच्या प्रश्नाचे एक उत्तर इथे सापडते. मैफल अखंड असते, त्यामुळे ती कापली की खोटी होते. तालीम मुळातच तुकड्यातुकड्यांची असते. तिला कात्री लावली तरी तिचे स्वरूप बदलत नाही. म्हणून चित्रपट तालीम प्रामाणिकपणे दाखवू शकतो. ‘व्हिप्लॅश’मध्येही मला शेवटच्या मैफलीपेक्षा ‘माझा टेम्पो नाही’ म्हणत तेच चार ठोके पुन्हा पुन्हा वाजवून घेणारा वर्ग अधिक खरा वाटतो, मग त्या शिक्षकाचे वागणे कितीही निंद्य असो.

काळी_चार

पडदानशीन, हे शिक्षिका म्हणून मला तंतोतंत पटले. ‘द डिसायपल’मध्ये गुरुजींचे पाय चेपणे, त्यांना औषध आणून देणे आणि मधेच एखादी जागा पुन्हा गाऊन घेणे हे सगळे एकाच खोलीत, एकाच सुरात चालते. आमची तालीम अशीच झाली. बाई भाजी निवडत असायच्या आणि त्यांच्या तोंडून ‘वर जाऊ नको, तिथेच थांब’ एवढेच यायचे.

आणि शरद रात्री रिकाम्या उड्डाणपुलावरून दुचाकीवर माईंच्या, म्हणजे गुरुजींच्या गुरूंच्या, ध्वनिफिती ऐकत जातो, ती दृश्ये तर मला मैफलीच वाटतात. माई कधीच दिसत नाहीत. दिवंगत सुमित्रा भावे यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्या १९ एप्रिल २०२१ रोजी गेल्या आणि त्यानंतर जेमतेम अकरा दिवसांनी चित्रपट नेटफ्लिक्सवर आला. मी तो त्याच आठवड्यात पाहिला, त्यामुळे तो अदृश्य आवाज माझ्यासाठी कथेतला राहिलाच नाही.

एक गोष्ट सांगते आणि थांबते. काही वर्षांपूर्वी एका मालिकेतील मैफलीच्या प्रसंगासाठी तानपुऱ्यावर बसायला मला बोलावले होते. गाणे आधीच ध्वनिमुद्रित झालेले होते, आम्ही फक्त दिसायचे होते. मी सवयीप्रमाणे आपल्या संथ गतीने तारा छेडत होते. तिसऱ्या वेळी दिग्दर्शकांच्या सहायकाने येऊन नम्रपणे सांगितले, ‘ताई, तुमचा हात तालात पडत नाहीये, जरा बघा ना.’ मी समजावून पाहिले. त्यांनी ऐकून घेतले, मान डोलावली आणि म्हणाले, ‘बरोबर असेल ताई, पण पडद्यावर ते चुकल्यासारखं दिसतं.’ मग मी तालात छेडला. प्रसंग एका दमात मंजूर झाला.

मध्यलय

काळी_चार ताई, ही मालिका कोणती ते विचारत नाही. पण आता मला ‘कट्यार’ तिसऱ्यांदा पाहावा लागणार, आणि या वेळी मागे बसलेल्यांचे हात पाहण्यासाठी.

ठेकेदार

पाहाल तेव्हा डग्ग्याकडेही लक्ष असू द्या, आणि इथे कळवा. मी ‘जलसाघर’ शोधतो आहे. चांगली प्रत कुणाला ठाऊक असल्यास सांगावे.